ऑटिस्टिक माणसाला सायकियाट्रिस्टकडे नेताना काय तयारी करायची

घरातल्या ऑटिस्टिक मुलाची किंवा मोठ्या माणसाची झोप उडाली, जेवण तुटलं, चिडचिड वाढली की नातेवाईक आणि कधी कधी डॉक्टरसुद्धा "ऑटिझममुळेच होतंय ते" म्हणून मोकळे होतात, आणि याचा मला खरंच राग येतो. एन्झायटी, डिप्रेशन ऑटिस्टिक लोकांमध्ये खूप कॉमन आहे आणि त्यावर उपचार आहेत.

म्हणून आधी घरी एक कागद घ्या, दोन रकाने पाडा, 'पहिल्यापासून असंच' आणि 'हल्ली बदललंय'. हात फडफडवणं, नजर न देणं, ठराविक दोनच भाज्या खाणं हे पहिल्यात. पण लोकलचं टाइमटेबल तोंडपाठ असलेला मुलगा दिवाळीपासून ते उघडतच नाहीये, हे दुसऱ्यात. डॉक्टरांच्या हातात हा कागद द्याच, नुसतं तोंडी सांगताना निम्मं राहून जातं. दात, कान, पोट पण तपासून घ्या, न बोलणारं मूल डोकं आपटत असेल तर दाढही दुखत असू शकते.

अपॉइंटमेंट पहिली मागा. गर्दीच्या वेटिंगमध्ये तासभर बसवलं तर आत जाईपर्यंत तो पार थकलेला असतो, त्यापेक्षा खाली रिक्षात थांबतो, नंबर आला की फोन करा असं सांगा, बरेच जण ऐकतात.

"कसं वाटतंय?" याचं उत्तर अनेकांना देताच येत नाही. छातीत धडधडतं का, पोटात गोळा येतो का, शाळेत कुठल्या तासाला जास्त, असं विचारायला सांगा, उत्तर टाइप करून दिलं तरी चालेल. चेहरा शांत दिसतो म्हणजे त्रास नाही असं धरू नका. मरायचे विचार येतात का हेही सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

गोळी दिली तर ती नेमकी कशासाठी, परत कधी बघायचं, हे लिहून घ्या. रिस्पेरिडोन चिडचिडीवर देतात, ऑटिझम त्याने जात नाही, आणि वजन वाढू शकतं. कमी डोसपासून हळूहळू वाढवता येईल का विचारा, मनाने बंद मात्र करू नका.

आणि पेशंट अठराच्या पुढचा असेल तर प्रत्येक प्रश्न आधी त्याला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांच्या निर्णयांत आपला प्रतिनिधी कोण हे ठरवायचा हक्क त्यालाच आहे, तो आईवडीलच निवडेल असं गृहीत धरू नका.