दिनदर्शिकेचा प्रोग्रॅम स्वतः कसा लिहावा

बारावीला कॉम्प्युटर सायन्स असो की बीएस्सी आयटीचं पहिलं वर्ष, मिनी प्रोजेक्टचा विषय द्यायची वेळ आली की ठाण्या-वाशीकडची निम्मी मुलं लायब्ररी मॅनेजमेंट लिहून मोकळी होतात. माझा आग्रह आहे की दिनदर्शिका घ्या. वर्ष आणि महिना दिला की त्या महिन्याचं पान छापायचं, एवढंच काम. पण त्यात अटी, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), अ‍ॅरे (क्रमाने ठेवलेली यादी), फंक्शन (एक ठरावीक काम करणारा तुकडा) सगळं येतं, आणि उत्तर बरोबर आलं की नाही ते भिंतीकडे पाहून कळतं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तयार कॅलेंडर मॉड्यूल (आयता कोड) आहे आणि एका ओळीत ते महिना छापून देतं. ते वापरा, पण शेवटी, आपलं उत्तर पडताळायला. आधी वापरलंत तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सांगण्यासारखं काही उरणार नाही.

आधी घरातलं कॅलेंडर पाहा

कीबोर्डला हात लावण्यापूर्वी घरातल्या कॅलेंडरवर लोकांनी पेनाने काय लिहिलंय ते बघा. दुधाचा हिशेब, मावशींचे खाडे, सिलिंडर कधी लावला, सोसायटीत पाणी कधी येणार नाही. म्हणजे तारखेच्या चौकटीत लिहायला जागा हवी. रविवार वेगळा दिसायला हवा, कारण आपल्याकडे रविवारी बाहेर पडायचं तर आधी मेगाब्लॉकची चौकशी करावी लागते. ही यादी कागदावर काढा, मग पहिल्या आवृत्तीत यातलं काय करणार आणि काय नाही ते ठरवा. पहिल्या आवृत्तीत फक्त महिन्याचं पान पुरे.

आणखी एक निर्णय: वार आडवे की उभे? आपल्याकडच्या बऱ्याच मराठी कॅलेंडरांत वार डावीकडे एकाखाली एक असतात. दिसायला ते ओळखीचं, पण छपाई ओळीओळीने होते, त्यामुळे उभ्या मांडणीसाठी सगळ्या तारखा आधी तक्त्यात भरून ठेवाव्या लागतात. सुरुवात आडव्या वारांनी करा.

चार फंक्शन, आणि छापणारं एकच

लीप वर्ष आहे का, महिन्यात दिवस किती, एक तारखेला वार कोणता, ही तीन फंक्शन फक्त उत्तर परत देतील. पडद्यावर काही दाखवायचं काम चौथ्याचं. ही शिस्त पाळलीत तर उद्या हेच वेब पानावर किंवा मोबाईलवर न्यायचं झालं तरी फक्त चौथं फंक्शन बदलेल.

लीप वर्षाचा नियम पूर्ण लिहा. ४०० ने भाग गेला तर लीप, नाहीतर १०० ने गेला तर साधं, नाहीतर ४ ने गेला तर लीप, बाकी साधं. अटींचा क्रम हाच ठेवा. सौर वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचं आहे. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे थोडी जास्त. शतकांची अट लावल्यावर ती ३६५.२४२५ वर येते. म्हणून २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. चारही प्रकारचं एकेक वर्ष देऊन पाहा: २०००, १९००, २०२४, २०२६.

महिन्यांचे दिवस बारा आकड्यांच्या अ‍ॅरेत ठेवा आणि फेब्रुवारीपुरतं लीपचं फंक्शन विचारा.

वार काढणं

इथे वेळ द्या, प्रोग्रॅमचा जीव इथेच आहे. ३६५ ला ७ ने भागलं की बाकी १ उरते, म्हणून साधं वर्ष सरलं की वार एकाने पुढे जातो आणि लीप वर्ष सरलं की दोनाने. मागे किती वर्षं गेली आणि त्यात लीप किती, एवढं मोजलं की वार हाती येतो.

म = वर्ष − १
बेरीज = म + म÷४ − म÷१०० + म÷४०० + तारीख वर्षातली कितवी
वार = बेरजेला ७ ने भागून उरलेली बाकी (० रविवार, ६ शनिवार)

भागाकार सगळे पूर्णांकी. पायथनमध्ये त्यासाठी दोन तिरक्या रेघा लागतात. एक दिली तर दशांश येतात आणि वार भलताच निघतो.

हाताने एक उदाहरण सोडवा, आणि ते ठाण्याचंच घ्या. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी रेल्वे धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म = १८५२. १८५२ + ४६३ − १८ + ४ = २३०१. सोळा एप्रिल हा त्या वर्षाचा १०६ वा दिवस, बेरीज २४०७, बाकी ६. शनिवार, आणि तो खरोखर शनिवारच होता. मग १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार आणि १ मे १९६० रविवार येतो का ते प्रोग्रॅमला विचारा.

तयार मॉड्यूलशी ताडताना जपा. पायथनच्या मॉड्यूलमध्ये सोमवार ० असतो, जावास्क्रिप्टमध्ये रविवार ०, आणि तिथे जानेवारी महिनासुद्धा ०.

पान छापणं

एक तारखेच्या वाराचा आकडा जेवढा, तेवढ्या रिकाम्या जागा सोडा, मग तारखा लिहीत जा. रिकाम्या जागा अधिक तारीख यांना ७ ने भाग गेला की नवी ओळ. रविवारपासून आठवडा धरला तर फेब्रुवारी २०२६ बरोबर चार ओळींत बसतो आणि ऑगस्ट २०२६ ला सहा लागतात. हे दोन महिने नीट आले तर बाकीचे येतातच.

वारांची नावं मराठीत लिहिलीत की प्रोग्रॅमचं उत्तर दिसतं त्या काळ्या खिडकीत रकाने वाकडे होतील. ‘सोम’ दिसायला दोन अक्षरं, पण संगणक ओकाराची मात्रा धरून तीन मोजतो. त्यावर खरा उपाय म्हणजे एचटीएमएल (वेब पानाची भाषा) मधला तक्ता. रकान्यांची रुंदी तो सांभाळतो. मराठी आकड्यांसाठी दहा अंकांचा अ‍ॅरे करा आणि प्रत्येक अंक बदलून घ्या.

वर्ष १७५३ च्या आतलं आलं तर नम्रपणे नकार द्या. ब्रिटिश अमलाखाली १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरला गेला, आणि आपलं सूत्र ती उडी जाणत नाही.

सण, तिथी आणि राष्ट्रीय दिनांक

२६ जानेवारी, १ मे, २ ऑक्टोबर यादीत घाला. नोंदी साठवताना तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने आणि महिना, दिवस दोन अंकी लिहा, म्हणजे त्या आपोआप क्रमाने लागतात. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी मात्र सूत्राने काढायला जाऊ नका. चंद्र-सूर्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी होते, आणि चंद्राची गती बदलती असल्याने तिथीची लांबीही बदलते. वर अधिक महिने आहेतच. दरवर्षी पंचांगातून तारखा घेऊन फाईलमध्ये भरा.

दुसऱ्या आवृत्तीसाठी राष्ट्रीय शक दिनदर्शिका सुचवेन. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून ती भारत सरकारने स्वीकारली आणि ती सौर असल्याने साध्या मोजणीने निघते. चैत्र २२ मार्चला सुरू होतो आणि ३० दिवसांचा असतो. लीप वर्षी २१ मार्चला सुरू होतो आणि ३१ दिवसांचा. वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, उरलेले सहा ३० चे. चैत्र लागल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९. लीप आणि साध्या, दोन्ही वर्षांत १५ ऑगस्टला २४ श्रावण आणि २६ जानेवारीला ६ माघ आला, तर ते आउटपुट जर्नलला जोडायला हरकत नाही.