दलदलीतली जास्वंद मेली समजून उपटू नका
अमेरिकेच्या पूर्व भागात पाणथळ जागी उगवणारी रानजास्वंद, म्हणजे हिबिस्कस मॉश्यूटोस, बागेत लावली असेल तर एक लक्षात ठेवा, थंडीत ती जमिनीपर्यंत पूर्ण वाळते आणि वसंतात बाकी सगळं हिरवंगार झालं तरी ही ढिम्म, थंड भागात तर मे उजाडेपर्यंत कोंबसुद्धा दिसत नाही. मग लोक मेली समजून उपटतात नाहीतर त्याच जागी दुसरं काहीतरी लावतात. म्हणून वाळलेल्या काड्या कापताना वीतभर खुंट ठेवाच, जागा कळते.

ऊन आणि ओल भरपूर हवी, बाकी लाड नाहीत. छपराचं पाणी साचून जिथे इतर झाडं कुजतात तो कोपरा हिला झकास. फूल एकाच दिवसाचं पण ताटलीएवढं, आणि उन्हाळाभर नवीन येतच राहतात.

पानांची चाळणी झाली की पान उलटून बघा, सॉफ्लायच्या (गांधीलमाशीच्या नात्यातला एक कीटक) हिरव्या अळ्या असतील, वेचून साबणाच्या पाण्यात टाका. बीटी (जिवाणूपासून केलेलं अळीनाशक) मारून फायदा नाही, ते फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांवर चालतं. आणि जहाल औषध तर नकोच, जंगलात मुख्यतः हिच्यासारख्या रानजास्वंदींच्या परागावर पिल्लं वाढवणारी एक एकांडी मधमाशी आहे, ती बागेतही येते.