वेबकॉमिकसाठी वाचकांकडे पैसे मागताय? या चुका टाळा

दिवाळी दोन-तीन महिन्यांवर आली की नव्या कॉमिककारांचे मेसेज सुरू होतात. ‘पहिलं पुस्तक काढतोय, वाचकांना आवाहन करायचंय, पोस्ट जरा नजरेखालून घालाल का?’ मी आनंदानं बघतो, कारण मराठीत स्वतःच्या बळावर कॉमिक करणारी माणसं टिकावीत असं मला मनापासून वाटतं. पण दर वेळी तीच उत्तरं लिहून पाठवावी लागतात, म्हणून ती इथे एकत्र मांडतो.

पहिली गोष्ट, बातमी आधी सांगा. बहुतेक आवाहनांत पहिल्या चित्रात नायक, दुसऱ्यात ‘लहानपणापासून चित्रकलेची आवड’, मग नोकरी सोडल्याची कहाणी, आणि सातव्या चित्रात बारीक अक्षरांत ‘सपोर्ट करा’. लोकलमध्ये उभ्यानं वाचणारा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही. पोचला तरी नेमकं काय करायचं ते त्याला कळत नाही. पुस्तक विकत घ्यायचं, दरमहा पैसे द्यायचे, की नुसतं शेअर करायचं? मी त्यांना असं लिहायला लावतो: ‘पहिला खंड छापतोय. ६४ पानं, कृष्णधवल. टपालखर्चासह २५० रुपये. नोंदणी १५ ऑगस्टपर्यंत, पुस्तक दिवाळीआधी हातात.’ कहाणी त्याच्या खाली येऊ द्या. आपल्या वाचकाला प्रकाशनपूर्व सवलत ठाऊक आहे, दिवाळी अंकाचे पैसे तो आगाऊ भरत आलाय. मागायला संकोच करण्याचं कारणच नाही. फक्त त्याला रक्कम आणि तारीख सांगा.

क्यूआर कोडचं चित्र टाकून मोकळं होऊ नका. वाचक कॉमिक फोनवरच वाचतोय, त्याच फोनवरचा कोड तो कशानं स्कॅन करणार? स्क्रीनशॉट काढा, ॲप उघडा, गॅलरीतून चित्र निवडा, एवढं करेपर्यंत उत्साह ओसरतो. यूपीआय आयडी अक्षरांत लिहा. आयडीत मोबाइल नंबर असेल तर आधी दुसरा आयडी करून घ्या, विशेषतः मुलींनी. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोमध्ये द्या.

पेट्रिऑनवरचे, म्हणजे कलाकाराला दरमहा पैसे देण्याच्या परदेशी संकेतस्थळावरचे, वर्गणीदार गळाले की ‘वाचक रुसले’ असा निष्कर्ष काढू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले आणि परदेशी संकेतस्थळांवर लावलेले भारतीय कार्डांचे अनेक हप्ते अडकायला लागले. वाचकाची इच्छा असते, पैसे कापले जात नाहीत. माझा स्वतःचा शिरस्ता असा की इथल्या वाचकांकडून वर्षाची वर्गणी एकदम, यूपीआयनं घ्यायची आणि वर्ष संपत आलं की व्यक्तिशः निरोप पाठवायचा. कष्ट पडतात. पण त्या निमित्तानं माणसाशी दोन शब्द बोलणं होतं, आणि मला ते आवडतं.

आता टपालखर्च. यावर मी सगळ्यांत जास्त बोलतो, कारण एक चांगला चित्रकार यात बुडालेला मी पाहिलाय. विदर्भातला मुलगा, रेषेवर विलक्षण हुकमत. किंमत ३०० रुपये, ‘घरपोच मोफत’. नोंदणी जरा मंदावली तेव्हा घाईघाईनं त्यानं पोस्टरही फुकट जाहीर केलं, सगळ्यांना. पुस्तक पाकिटात मावलं. पोस्टर घडी घालून पाठवणं त्याच्या मनाला पटेना, ते बरोबरच होतं, म्हणून पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या. ६० सेंटिमीटर लांब, ८ सेंटिमीटर जाडीची नळी. काट्यावर जेमतेम २०० ग्रॅम. पण कुरिअरवाले वस्तू किती जागा खाते तेही बघतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. ६० गुणिले ८ गुणिले ८ म्हणजे ३८४०. आकारणी झाली पाऊण किलोहून जास्त वजनाची. दुसऱ्या खंडासाठी राखलेले पैसे नळ्यांत गेले. होळीपर्यंत त्याच्या घरच्या बैठकीत नळ्यांची चळत उभी होती. वाचक विचारत राहिले, त्याला उत्तर द्यायची भीती वाटायला लागली. पुढचा भाग त्यानं अजून काढलेला नाही. त्या कथेची मी आजही वाट बघतो.

म्हणून किंमत जाहीर करण्याआधी एक खरं पार्सल बांधा. तेवढ्याच पानांचं कोरं पुस्तक, पुठ्ठा, चिकटपट्टी, पत्त्याचा कागद, सगळं. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवा, मग पोस्टाच्या खिडकीवर नेऊन दर विचारा. गेल्या वर्षीचा दर धरून चालू नका. टपाल खात्यानं डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केलं, तेव्हा जुन्या दरावर हिशोब बांधलेले अनेक छोटे प्रकाशक अडचणीत आले. १ मे २०२५ पासून पुस्तकं पाठवण्यासाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू झाली. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. त्यासाठी पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं आणि जाहिराती चालत नाहीत, तेव्हा तुमचं कॉमिक त्यात बसतं का हे पुस्तक दाखवूनच विचारा. भेट द्यायचीच तर पुस्तकात मावेल असं पोस्टकार्ड द्या.

उशीर झाला तर गप्प बसू नका. अमेरिकेत २०१२ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ या वेबकॉमिकच्या जुन्या खंडांच्या पुनर्मुद्रणासाठी त्याचे चित्रकार रिच बर्ल्यू यांनी किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याच्या संकेतस्थळावर ५७,७५० डॉलर मागितले. १४,९५२ वाचकांनी साडेबारा लाख डॉलर दिले. त्याच वर्षी काचेनं त्यांचा हात कापला आणि काम थांबलं. त्यांनी ते वाचकांना सांगितलं. कबूल केलेल्या काही कथा पुऱ्या व्हायला पुढे कित्येक वर्षं लागली, तरी वाचक त्यांच्यासोबत राहिले. आपल्याकडे प्रेसला आठ दिवस उशीर झाला तरी लोक अकाउंटच बंद करून बसतात.

बाकीचं थोडक्यात. ‘मदत आली नाही तर कॉमिक बंद’ अशी धमकी कधीही देऊ नका. वर्गणीचे सात प्रकार करू नका, दोन पुरेत. तीन भाग टाकून चौथ्याला पैसे मागू नका. निदान एक कथा शेवटपर्यंत नेऊन लोकांना फुकट वाचू द्या. कॉमिकचा भाग चुकू नये म्हणून एआयनं पार्श्वभूमी भरू नका. वाचक तुमच्या हाताच्या रेषेसाठी पैसे देतोय, एक आठवडा सुट्टी घेतलेली त्याला चालते. आणि तुम्ही नोंदणीकृत वृत्तपत्रात व्यंगचित्रं काढत असाल तर परदेशातून ‘देणगी’ घेण्याआधी सीएला भेटा. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० मध्ये अशा व्यंगचित्रकारांना मनाई आहे. पुस्तक विकून आलेले पैसे वेगळे, पण तेही कागदावर नीट दाखवा.

राहिलं आभाराचं पान. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय, चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलत्या अक्षराशेजारी जातात. पैसे देणाऱ्या ‘श्रद्धा’चं नाव पाय मोडलेल्या अक्षरांत छापून आलं तर तिला काय वाटेल? मी ते पान पीडीएफ झाल्यावर प्रिंट काढून पेन्सिलनं तपासतो, आणि ज्याचं-त्याचं नाव त्याला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘असंच हवं ना?’ असं विचारतो. सगळ्यांची उत्तरं आली की मगच फाइल प्रेसला जाते.