अंगणात १९४०चे दशक उभे करताना: जुन्या धाटणीची व्यक्तिचित्रे कशी काढावीत

जुन्या धाटणीचे छायाचित्रण करायचे ठरले की बहुतेक जण आधी वाडा शोधतात, मग साडी ठरवतात आणि उरलेली कसर संगणकावर तपकिरी छटा देऊन भरून काढू पाहतात. त्यापेक्षा आधी काळ पक्का करावा. ‘जुना काळ’ ही फार ढोबळ कल्पना आहे. पेशवाई, १९२०चे दशक आणि १९६०चे दशक यांतला पेहराव, केशरचना, इतकेच काय पण उभे राहण्याची पद्धतही वेगळी होती, आणि त्यांची सरमिसळ झाली की चित्र गॅदरिंगमधल्या नाटकासारखे दिसू लागते. येथे उदाहरणादाखल १९४०च्या दशकातले मध्यमवर्गीय मराठी घर घेतले आहे.

त्यासाठी सर्वांत विश्वासार्ह आधार म्हणजे घरातला किंवा नात्यातला जुना अल्बम. पदर एका खांद्यावर आहे की दोन्ही, साडी घोट्याच्या किती वर आहे, हात कुठे टेकले आहेत, कोण बसले आहे आणि कोण मागे उभे आहे, हे बारकाईने पाहून टिपून ठेवावे.

पेहरावावर वेळ खर्च करावा, कारण चित्र फसते ते बहुधा येथेच. शिवलेली नऊवारी टाळावी. तिच्या निऱ्या एकाच ठिकाणी ताठ उभ्या राहतात आणि अंगावर नेसलेल्या लुगड्याचा सैलपणा तिला येत नाही. त्या काळी थोरल्या बायका नऊवारीत दिसत, तर शिकणाऱ्या मुलींमध्ये पाचवारी रुळू लागली होती, म्हणून दोन पिढ्या एकत्र घेणार असाल तर हा फरक जरूर दाखवावा. आजीची रेशमी साडी वापरण्याचा मोह होतो. परंतु जुने रेशीम घडीवर विरलेले असते आणि नेसताना तेथेच फाटते, त्यामुळे इरकली किंवा साधे सुती लुगडे अधिक बरे. कृत्रिम धाग्याची चमक उन्हात लगेच ओळखू येते. दागिने मोजकेच घालावेत. नथ, ठुशी, मोहनमाळ, बुगडी आणि वज्रटीक असे सारे काही एकदम चढवले की घरच्या बाईची नवरी होते. पुरुषांसाठी धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी पुरेशी आहे. शेवटी नखांचे पॉलिश, प्लॅस्टिकच्या पिना, स्मार्ट घड्याळ आणि पायांतल्या चपला तपासाव्यात.

ठिकाण भव्यच हवे असे नाही. मातीचे किंवा फरशीचे अंगण, चुन्याची भिंत आणि लाकडी खांबांची ओसरी मिळाली तर काम होते. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे, मुंबईत गिरगावची खोताची वाडी आहे. मात्र तेथे परवानगी घेऊनच जावे. खोताची वाडी आणि पणजीचे फोंतेन्हास ही राहती वस्ती आहे, तेथील लोकांच्या पायऱ्या आणि दारे ही आपली नेपथ्यरचना नव्हे. पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूत तिपाई वापरायची असल्यास वेगळी परवानगी लागते. जागा पाहताना विजेच्या तारा, डिश आणि पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या कोणत्या कोनातून दिसत नाहीत, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

वेळ सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधीचा दीड तास असावी. व्यक्तीला ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत परंतु तोंड उघड्या अंगणाकडे करून बसवावे. आकाशाचा मऊ प्रकाश चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांत एक छोटा ठिपका चमकतो. एका बाजूला सावली फार गडद झाली तर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरावा. धोतर किंवा पांढरी टोपी असल्यास एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडे कमी ठेवावे, नाहीतर कापडाचा पोत नाहीसा होतो. गोल चष्म्यात आकाश चमकत असेल तर काड्या कानांवरून किंचित उचलाव्यात. काचा खाली झुकतात आणि डोळे दिसू लागतात.

आता कॅमेऱ्याची उंची, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. त्या काळातले अनेक कॅमेरे पोटाजवळ धरून वरून खाली काचेत बघण्याचे होते, म्हणून त्या चित्रांत माणूस किंचित खालून पाहिल्यासारखा आणि म्हणून अधिक भारदस्त दिसतो. आपणही डोळ्यांऐवजी कमरेच्या उंचीवरून, चौरस चौकट डोळ्यांसमोर ठेवून चित्र घ्यावे. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीचे भिंग त्या दृष्टीच्या जवळ जाते. पार्श्वभूमी पूर्ण पुसट करू नये; भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) एकट्या व्यक्तीसाठी एफ/४ आणि कुटुंबासाठी त्याहून लहान, एफ/८ ठेवल्यास ओसरीचे खांबही ओळखू येतात.

अशा कॅमेऱ्यांतल्या १२० क्रमांकाच्या फिल्मच्या रोलवर अशी चौरस चित्रे फक्त बारा बसत, त्यामुळे प्रत्येक वेळी माणूस स्थिरावण्याची वाट पाहिली जाई. तीच सवय येथे उपयोगी पडते. हाताला छत्री, पुस्तक किंवा खुर्चीची पाठ असा एकच आधार द्यावा, हसायला सांगू नये, श्वास सोडायला सांगावा आणि मगच बटण दाबावे.

संपादनात सरसकट तपकिरी छटा नको. आधी कृष्णधवल करावे आणि लाल रंगाची उजळपातळी थोडी खाली आणावी, कारण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे आणि त्यामुळे कुंकू व ओठ गडद येत. हे प्रमाण फार झाले तर सावळी त्वचा काळवंडते आणि डाग उठून दिसतात, म्हणून चेहऱ्याकडे पाहूनच थांबावे. खोटे ओरखडे घालू नयेत. प्रत मॅट कागदावर पांढरी किनार ठेवून छापावी आणि मागे मऊ पेन्सिलीने आजची खरी तारीख व नावे लिहावीत, म्हणजे पुढे कोणी हे चित्र खरोखरच त्या दशकातले समजणार नाही.