बेसवरून फायनलला वळताना: नव्या विद्यार्थी वैमानिकांसाठी

उतरताना रनवेला आडवा जाणारा टप्पा म्हणजे बेस, तिथून वळून रनवेच्या सरळ रेषेत येणारा शेवटचा टप्पा म्हणजे फायनल. लिफ्ट (उचल), ड्रॅग (हवेचा अडथळा), थ्रस्ट (पुढचा रेटा), वजन या बळांचे चार बाण सगळ्यांच्याच वहीत असतात, ते इथे परत काढत नाही. वरची हवा आणि खालची हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी भेटतात, असं कुणी शिकवलं असेल तर ते पान फाडून टाका. वरची हवा खालचीच्या आधी पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि त्याच्या वरचा दाब कमी होतो, कॉकपिटात कामाला येतं ते एवढंच.

खरी गोची स्टॉलची आहे, म्हणजे पंखाची उचल एकदम कोसळण्याची. सेसना 172 एसच्या एअरस्पीड इंडिकेटरवर (वेग दाखवणाऱ्या तबकडीवर) पांढरा पट्टा 40 नॉटला सुरू होतो, तो फ्लॅप पूर्ण खाली असतानाचा स्टॉलचा वेग; हिरवा 48 ला, तो फ्लॅप वर असतानाचा. रोज ते बघून डोक्यात पक्कं बसतं की 48 च्या वर आहे तोवर धोका नाही. साफ चूक. ते आकडे पूर्ण वजनाचे, म्हणजे 2550 पौंडांचे, आणि सरळ उडणाऱ्या विमानाचे. पंख स्टॉल होतो कोनामुळे. कॉर्ड लाइन (पंखाची पुढची आणि मागची कड जोडणारी रेषा) आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की वरची हवा पंखाला धरून राहत नाही. उंची राखून 30 अंश बँक केलात (विमान बाजूला कलवलंत) तर 48 चे 52 होतात, 45 अंशांना 57, आणि 60 अंशांना थेट 68.

‘समोरून येणारी हवा’ म्हणजे नाकासमोरची नव्हे. विमान ज्या दिशेने खरंच चाललंय, तिकडून येणारी. 1 जून 2009 ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्स 447 चं नाक शेवटीही क्षितिजाच्या वर सुमारे 16 अंश होतं. विमान खाली कोसळत असल्यामुळे अँगल ऑफ अटॅक, म्हणजे वर सांगितलेला हाच कोन, मात्र 35 च्या वर होता. नाकाकडे बघून हा कोन कळत नाही, हे दहा वेळा वाचा.

आता सर्किटमधला, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीतला, सापळा. बेसवर मागून वारा, वळायला उशीर, रनवेची रेषा ओलांडली. समजा डावं सर्किट आहे. जमीन जवळ म्हणून बँक वाढवायची भीती वाटते, मग डाव्या पायाने रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी) हळूच दाबला जातो, नाक रनवेकडे ओढायला. बाहेरचा उजवा पंख जास्त वेगाने फिरतो, बँक आपोआप वाढते. ती रोखायला हात उजवं एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी फळी) देतो. नाक खाली जातं, म्हणून योक (विमानाचं स्टिअरिंग) मागे. या क्षणी डाव्या पंखाचं एलरॉन खाली आहे, म्हणजे त्या भागाचा कोन आणखी वाढलेला. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान डावीकडे उलटं पडतं. पाचशे फुटांवर यातून सावरायला उंची उरत नाही. विमान घसरतंय का ते दाखवणारा पॅनेलवरचा बॉल तेव्हा उजवीकडे पळालेला असतो, पण बघतो कोण?

उपाय अगदी साधा, तो जमणारच. बँक 30 अंशांच्या आत, बॉल मध्ये, आणि रेषा ओलांडली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. गो-अराउंडला कमीपणा मानणारा इन्स्ट्रक्टर मिळाला तर इन्स्ट्रक्टर बदला. हा क्रॉस-कंट्रोल स्टॉल (पाय एकीकडे, एलरॉन दुसरीकडे) एकदा भरपूर उंचीवर इन्स्ट्रक्टरकडून दाखवून घ्या. सोलोला करून बघायची ही गोष्ट नाही.

मे महिन्याच्या दुपारी विदर्भात किंवा मराठवाड्यात उडणाऱ्यांना आणखी एक भुलवणी. एअरफील्ड 2000 फुटांवर आणि पारा 40 वर असेल, तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणाने विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. इंडिकेटरवर 65 असताना खरा वेग 70 च्या पुढे. जमीन भराभर सरकते, ‘फारच जोरात चाललोय’ वाटून हात योक मागे घेतो. घेऊ नका. स्टॉलचा इंडिकेटेड आकडा उन्हाने बदलत नाही, फायनलला तोच पाळा.

सावरायचा क्रम: आधी योक पुढे, कोन कमी करा. मग पूर्ण पॉवर. पंख पडत असेल तर नाक रडरने सरळ धरा. स्टॉल मोडेपर्यंत एलरॉन मध्येच. एलरॉनने पंख उचलायला गेलात तर पडणाऱ्या पंखाचा कोन तुम्हीच वाढवता. क्वेश्चन बँक घोकून टेक्निकल जनरलच्या पेपरला 70 टक्के पडतात, पण हा हात-पायांचा क्रम त्यातून येत नाही. घरच्या सिम्युलेटरवरही नाही, कारण स्टॉलच्या आधीची थरथर बुडाला कळावी लागते.

थरथरीच्याही आधी, स्टॉलच्या 5 ते 10 नॉट वर, हॉर्न वाजतो. 172 वर तो विजेवर चालत नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला छोटं भोक आहे. कोन वाढला की तिथला दाब घटतो, हवा ओढली जाते आणि आतली पत्ती पिपाणीसारखी वाजते. प्रीफ्लाइटला त्या भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढा. लोक हसतील, हसू देत. आवाज आला नाही तर भोकात किडा किंवा माती अडकली आहे का बघा, आणि इंजिनियरला दाखवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.