आहारावरील संशोधन वाचताना आधी वय पाहावे

आहाराविषयीचा शोधनिबंध हाती आला की बहुतेक वाचक आधी निष्कर्ष वाचतात. माझ्या मते वाचनाची सुरुवात सहभागींच्या वर्णनापासून करावी आणि त्यातही सर्वप्रथम त्यांचे वय पाहावे. गर्भावस्था, तान्हेपण, वाढीचे वय, गर्भारपण आणि वार्धक्य या अवस्थांमध्ये शरीराच्या गरजा वेगळ्या असतातच, पण एकाच अन्नाचा परिणामही वेगवेगळा होऊ शकतो. बातमीत मात्र वय बहुधा गळून पडते आणि ‘अमुक खाल्ल्याने तमुक आजार टळतो’ एवढेच शिल्लक राहते.

वयाने किती फरक पडतो, हे नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीच्या अभ्यासातून स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथील पश्चिम भागातील शहरांत शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला होता. ही टंचाई थोड्याच महिन्यांची होती आणि तिचा आरंभ व शेवट ठाऊक होता, त्यामुळे कोणते मूल गर्भावस्थेच्या कोणत्या टप्प्यात तिच्या तडाख्यात सापडले, हे नंतर जन्मतारखेवरून ठरवता आले. सैन्यभरतीच्या तपासणीसाठी आलेल्या १९ वर्षांच्या सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मातांनी गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार सोसली होती, त्या तरुणांत लठ्ठपणाचे प्रमाण अधिक आढळले; ज्यांच्या वाट्याला ती गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत आली, त्यांच्यात ते कमी आढळले. उपासमार एकच होती, पण काही महिन्यांच्या फरकाने परिणामाची दिशाच बदलली.

म्हणून निबंधातील पहिला तक्ता लक्षपूर्वक वाचावा. सहभागींचे सरासरी वय, स्त्री-पुरुषांचे प्रमाण, वजन, धूम्रपान आणि आधीपासूनचे आजार ही माहिती सहसा तेथेच असते. त्यानंतर ‘पद्धती’ या विभागात कोणाला वगळले होते, ते पाहावे. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवरील ‘लीप’ ही २०१५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या, ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बालकांवर झाली होती. ज्या बालकांची शेंगदाण्यासाठीची त्वचाचाचणी सुरुवातीला नकारात्मक होती, म्हणजे संवेदनशीलतेची खूण दिसली नव्हती, त्यांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी आढळली, तर तो नियमित खाणाऱ्या गटात केवळ १.९ टक्के मुलांना. अशा मुलांना हा पदार्थ उशिरा द्यावा, असा सल्ला पूर्वी दिला जात असे. या चाचणीने तो उलटवला. परंतु ज्याला अ‍ॅलर्जी झालेलीच आहे अशा मोठ्या मुलाने किंवा प्रौढाने शेंगदाणे खावेत, असा अर्थ यातून काढणे धोक्याचे ठरेल.

वयानंतर अभ्यासाचा प्रकार पाहावा. संशोधकांनी लोकांच्या खाण्यात काहीही बदल न करता केवळ नोंदी ठेवल्या असतील, तर तो निरीक्षणात्मक अभ्यास होय. कोणी काय खावे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने ठरवून दिले असेल, तर ती यादृच्छिक चाचणी होय. निरीक्षणात एक पेच कायम राहतो. भाज्या आणि फळे भरपूर खाणारी माणसे बहुधा धूम्रपान कमी करतात, व्यायाम अधिक करतात आणि त्यांची आर्थिक स्थितीही बरी असते, त्यामुळे त्यांच्या आरोग्याचे श्रेय ताटाला किती द्यायचे, हे गणिताने पूर्णपणे सुटत नाही. बीटा-कॅरोटिनचे, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतील नारिंगी रंगद्रव्याचे, उदाहरण या बाबतीत बोलके आहे. ज्यांच्या आहारात किंवा रक्तात ते अधिक होते, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असे अनेक निरीक्षणांत दिसले होते. पुढे फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली, तेव्हा बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. अन्नातील एखादा घटक आणि त्याच घटकाची गोळी यांना एकच मानू नये, हाही धडा त्यात आहेच.

वृद्धांवरील निरीक्षणात आणखी एक सापळा असतो. आजार जडला की निदानाच्या कितीतरी आधीपासून भूक मंदावते आणि वजन उतरू लागते. अशा वेळी ‘कमी वजनाचे वृद्ध लवकर मृत्यू पावतात’ या वाक्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असू शकते. अभ्यासकांनी पहिल्या काही वर्षांतील मृत्यू वगळून हिशेब पुन्हा मांडला आहे का, हे जरूर शोधावे. तो मांडलेला नसेल, तर मी त्या निष्कर्षाला फारसे वजन देत नाही.

याचा अर्थ चाचणी नसली की अभ्यास टाकाऊ, असा मात्र नव्हे. गर्भवतीला किंवा तान्ह्या बाळाला मुद्दाम वाईट आहार देऊन साठ वर्षे वाट पाहणे नीतीलाही धरून नाही आणि व्यवहारालाही. अशा ठिकाणी परिस्थितीने घडवलेले प्रयोग उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये साखरेचे नियंत्रित वाटप सप्टेंबर १९५३ मध्ये संपले आणि साखरेचा खप झपाट्याने वाढला. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या लोकांची तुलना करणाऱ्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत कमी साखर मिळालेल्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी असल्याचे दिसले. जन्मतारीख कोणी स्वतः निवडत नाही, हेच अशा तुलनेचे बळ आहे.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड आहे: खाल्लेले मोजले कसे? गेल्या वर्षभरात अमुक पदार्थ किती वेळा खाल्ला, अशी प्रश्नावली मोठ्या अभ्यासांत वापरतात. काही ठिकाणी मागील चोवीस तासांतील खाणे आठवून सांगायला लावतात. क्वचित प्रत्येक घास तोलून लिहिला जातो. या सर्व पद्धतींत माणसाची स्मृती आणि संकोच मिसळलेला असतो. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लठ्ठ व्यक्तींच्या गटावर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, त्यांनी सांगितलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी भरले. त्यात फसवणुकीचा हेतू होता असे मानण्याचे कारण नाही. आपण सर्वच जण खाल्लेले विसरतो. लहान मुलांच्या बाबतीत उत्तर पालक देतात आणि शाळेत काय खाल्ले ते त्यांना ठाऊक नसते; स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. रक्तातील किंवा लघवीतील घटक मोजून सांगितलेल्या आहाराची पडताळणी केली असेल, तर त्या अभ्यासाला अधिक मान द्यावा. चोवीस तासांच्या लघवीतून मिठाचा अंदाज बराच विश्वासार्ह मिळतो, तेवढा तो प्रश्नावलीतून मिळत नाही.

तुलना कशाशी केली, तेही तपासावे. ताटातून एक पदार्थ काढला की त्याची जागा दुसरा पदार्थ घेतो, आणि स्निग्ध पदार्थांऐवजी कडधान्ये खाल्ली की साखर खाल्ली यावर सारे उत्तर अवलंबून असते.

आता आकड्यांकडे वळावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सांगितले की, रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हा सापेक्ष आकडा आहे. समजा, एखाद्या समाजात आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना हा कर्करोग होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे साधारण ६ जण. एका व्यक्तीसाठी ही वाढ लहान आहे, पण कोट्यवधींच्या लोकसंख्येसाठी ती मोठी आहे. वैयक्तिक सल्ला आणि सार्वजनिक आरोग्याचे धोरण यांची भाषा म्हणूनच वेगळी असते. मूळ धोका न सांगता केवळ टक्के सांगणाऱ्या लेखावर विसंबू नये. मूळ धोकाही वयानुसार बदलतो, हे ध्यानात ठेवावे.

चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंदणी झाली होती का आणि त्या वेळी जाहीर केलेला मुख्य परिणामच शेवटी मोजला का, हे सार्वजनिक नोंदवहीत पाहता येते. निबंध पुढे मागे घेतला गेला आहे का, तेही पाहावे. भूमध्य सागरी आहारावरील ‘प्रेडिमेड’ या ७,४४७ सहभागींच्या चाचणीचा २०१३ चा निबंध, गटवाटपातील चुका आढळल्यामुळे, २०१८ मध्ये मागे घेऊन सुधारित विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निधी कोणी दिला, हे निबंधाच्या शेवटी लिहिलेले असते. त्यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण प्रश्नाची निवड कोणाच्या सोयीची होती, हे कळते.

धोरणविषयक दस्तऐवज वाचताना वयाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मज्जानलिका, म्हणजे गर्भातील ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती, बंद होते, आणि तोपर्यंत अनेक स्त्रियांना आपण गर्भवती असल्याचे कळलेलेही नसते. आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा दोष आढळलेल्या स्त्रियांना फॉलिक आम्ल (ब गटातील एक जीवनसत्त्व) दिल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत दिसले. अमेरिकेने १९९८ पासून धान्याच्या पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे केले. पण पीठ घरातील सर्वच जण खातात. वार्धक्यात बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता अधिक आढळते, आणि फॉलिक आम्ल जास्त प्रमाणात मिळाल्यास त्या कमतरतेतील रक्तक्षय झाकला जातो, तर मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालू राहू शकते. तेथील प्रमाण १०० ग्रॅम पिठामागे १४० मायक्रोग्रॅम एवढेच ठेवण्यामागे ही काळजी होती. असा दस्तऐवज हाती आल्यावर कोणत्या वयोगटाचा लाभ मोजला आहे हे एका बाजूला आणि कोणत्या वयोगटाचा धोका मोजला आहे हे दुसऱ्या बाजूला लिहून काढावे. दुसरी बाजू कोरी राहिली, तर तो दस्तऐवज पुन्हा पहिल्या पानापासून वाचावा.