आजीच्या डोलत्या खुर्चीला सेन्सर बसवताना

सगळ्यात आधी एक गोष्ट: खुर्ची डोलवायला मोटर लावू नका. बाजारात तशा खुर्च्या मिळतात, पण विस्मरण झालेल्या किंवा घाबऱ्या माणसाला ‘खुर्ची आपोआप हलतेय’ ही भीतीच जास्त वाटते. शिवाय पायाच्या चवड्याने जमिनीला रेटा देणं हाच अर्धा व्यायाम असतो. सेन्सरचं काम एवढंच: माणूस डोलायला लागला की ओळखायचं आणि त्याच्या लयीला आवाज, उजेड, हलकासा स्पर्श यांची साथ द्यायची. पेटीवाला गाणाऱ्याच्या मागे जातो, तसं.

डोलण्याने मन निवतं, हे पाळणा हलवणाऱ्या बाईला सांगायला नको. पण आकडेही आहेत. १९९८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासात वृद्धाश्रमातल्या डिमेन्शियाच्या रुग्णांना सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, अर्धा ते अडीच तास डोलत्या खुर्चीत बसवलं; जे जास्त डोलले त्यांची चिंता आणि उदासी कमी झाली, तोलही सुधारला. २०११ मध्ये जिनिव्हात चार सेकंदांना एक झोका घेणाऱ्या पलंगावर लोकांना लवकर झोप लागली. हा चार सेकंदांचा आकडा वाचून पुष्कळ जण खुर्चीलाही तीच लय लावायला जातात, आणि तिथेच फसतात. खुर्चीची लय तिच्या कमानी ठरवतात.

सुताराकडे

कमान म्हणजे खालची वाकडी पट्टी. प्लायवुडच्या कोपऱ्यात खिळा ठोका, त्याला सुतळी बांधा, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला, खिळ्यापासून बरोबर १०० सेंमीवर, पेन्सिल अडकवून चाप काढा. तोच साचा दोन्ही कमानींना वापरा. बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ६० ते ६५ सेंमीवर येतो. कमानीची त्रिज्या त्याहून बरीच मोठी हवी, नाहीतर खुर्ची मागे गेली की परत येत नाही. १०० सेंमी त्रिज्येला एक पूर्ण झोका, म्हणजे पुढे जाऊन परत, सव्वादोन ते अडीच सेकंदांत होतो. त्रिज्या कमी केली तर झोका संथ होतो, पण खुर्ची उलटायचा धोका वाढतो. म्हाताऱ्या माणसासाठी ९५ च्या खाली जाऊ नका.

कमान मागच्या पायाच्याही मागे २५ ते ३० सेंमी लांब ठेवा आणि शेवटच्या टोकाला खालून दीड सेंमी जाडीचा ठोकळा मारा. खुर्ची फार मागे गेली तर तो टेकतो आणि तिथेच थांबवतो. लाकूड साग किंवा शिसव. बाभूळ चिवट असते, पण पुरती वाळलेली नसली तर जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पिळते. मग दोन कमानी सारख्या राहत नाहीत आणि खुर्ची डोलता डोलता तिरपी सरकत भिंतीला लागते. शहाबादी फरशीवर तर वाळलेली खुर्चीही सरकते. कमानीखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मोच्याकडच्या सोल्युशनने चिकटवा.

बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंमी, हात त्याच्या वर २० ते २२ सेंमी आणि उठताना धरता यावेत म्हणून थोडे पुढे आलेले. पाठीला नवार लावा, हवा खेळते. रेक्झिन-फोममध्ये आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाठ उकडून निघते. बैठक मात्र १२ मिमी प्लायची, वर कापसाची पातळ गादी. नवारीखाली टणक आधार नसतो, त्यामुळे दाबाचा सेन्सर नीट दाबलाच जात नाही. महिन्याभरात नवार सैल पडते आणि आजी बसलेली असताना खुर्ची म्हणते, कोणी नाही.

सामान आणि जोडणी

ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम चालवणारा छोटा संगणक), एमपीयू-६०५० (गती मोजणारा), ३८ मिमीचा चौकोनी एफएसआर (दाब ओळखणारा), डीएफप्लेयर मिनी (गाणी वाजवणारा) व ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड, ३ वॅट ४ ओहमचा स्पीकर, नाण्याएवढ्या दोन कंपन-मोटरी, ५ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी, १०,००० एमएएचची पॉवर बँक. स्पीकर, वायर, सोल्डर, रेझिस्टर यांसाठी जळगावच्या गोलाणी मार्केटला एक चक्कर. बोर्ड आणि सेन्सर ऑनलाइन मागवणं सोपं.

२३० व्होल्टची वायर खुर्चीला कधीच जोडू नका. कमान रोज शेकडो वेळा त्या वायरवरून जाते, आवरण कुठे फाटलं ते दिसत नाही.

एमपीयू बैठकीच्या प्लायला खालून, मध्यभागी, स्क्रूने घट्ट बसवा. डबल टेपने नको, उन्हाळ्यात सुटतो. त्याचा वाय अक्ष खुर्चीच्या डावी-उजवीकडे यायला हवा. त्याची एसडीए तार बोर्डाच्या पिन २१ ला, एससीएल तार २२ ला, वीज ३.३ व्होल्टची. एफएसआर ३.३ व्होल्ट आणि पिन ३४ यांच्यामध्ये, आणि पिन ३४ पासून बोर्डाच्या ग्राउंड (जीएनडी) पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर. डीएफप्लेयरच्या आरएक्स (बोर्डाकडून आज्ञा घेणाऱ्या) तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका, नाहीतर स्पीकरमध्ये सतत खरखर ऐकू येते. गाण्यांच्या फाइलींना ०००१, ०००२ अशी चार आकडी नावं इंग्रजी अंकांत द्या. कंपन-मोटर बोर्डाच्या पिनला थेट जोडली तर पिन जळते; मध्ये ट्रान्झिस्टर आणि मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड हवाच. मोटर ३ व्होल्टची आहे, वीज ५ व्होल्टची. पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून तिचा जोर कमी करणं) ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. एलईडीसाठी आयआरएलझेड४४एन हा ट्रान्झिस्टर घ्या. दुकानदार त्याच्यासारखाच दिसणारा आयआरएफझेड४४एन देईल. तो ३.३ व्होल्टला पुरता उघडत नाही, पट्टी मिणमिणते.

प्रोग्रॅममध्ये काय सांगायचं

खुर्ची रिकामी आणि स्थिर असताना सुरू करा. पहिले दोन सेकंद १०० वाचनं घेऊन शून्य ठरवा. मग दर २० मिलिसेकंदांना वाय अक्षाभोवतीचा वेग वाचा. ८ अंशांच्या सावकाश झोक्यात हा वेग सेकंदाला २० अंशांच्या आसपास जातो. सेकंदाला ३ अंशांखालचा सगळा वेग कचरा समजा. उणेकडून अधिककडे गेला की एक झोका मोजा. एमपीयूचा आतला गाळणी-फिल्टर ५ हर्ट्झवर ठेवा. हे विसरलात तर कंपन-मोटर सुरू झाली की तिचीच थरथर झोका म्हणून मोजली जाते, आणि आजी शांत बसलेली असताना खुर्ची गातच राहते.

माणूस बसला आहे आणि सलग तीन झोके आले, की आवाज सुरू. डीएफप्लेयरचा आवाज ० ते ३० असतो. ८ पासून पाच सेकंदांत १५ पर्यंत न्या. झोके थांबल्यावर २० सेकंद वाट पाहा, मग तसाच हळू उतरवा. एकदम बंद झालेला आवाज दचकवतो. मिनिटाला ३५ च्या वर झोके गेले तर आवाज वाढवायचा नाही, कमी करायचा. नाहीतर जोरात डोललं की जास्त गाणं, असा खेळ सुरू होतो आणि खुर्ची उलटण्यापर्यंत गोष्ट जाते.

आवाज कोणता? बाजारातलं ‘रिलॅक्सेशन म्युझिक’ नको. घरातल्याच कोणाच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, कानबाई देवीची गाणी, अहिराणीतली बोलणी मोबाइलवर रेकॉर्ड करा. हाताच्या पट्टीवर एका बाजूला जुन्या गोधडीचा तुकडा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत घासलेलं लाकूड. बोटं आपोआप धावदोऱ्याच्या टाक्यांवरून फिरायला लागतात. मणी, बटणं नकोत, ती तोंडात जातात. उन्हाळ्यात पाठीमागे वाळ्याची पुरचुंडी बांधा, संध्याकाळी तिच्यावर थोडं पाणी शिंपडा, बोर्डापासून लांब. उजेड स्थिर किंवा सावकाश कमी-जास्त होणारा. लुकलुकणारा अजिबात नको, फिट येणाऱ्या माणसाला तो धोक्याचा आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त डोलणं आणि आवाज, तेही दहा मिनिटं. मग उजेड. कंपन सगळ्यात शेवटी, आणि ते नको असलं तर काढूनच टाका. खुर्ची स्वमग्न मुलासाठी करत असाल तर लक्षात ठेवा: अशा मुलांपैकी काहींना कंपन हवंहवंसं वाटतं, काहींना अंगावर झुरळ चढल्यासारखं. चक्कर, फिट, नुकतंच खुब्याचं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नका.

बिघाड

खुर्ची सकाळी मेलेली असते आणि पॉवर बँक भरलेली दिसते: करंट कमी पडला की पुष्कळ पॉवर बँका स्वतः बंद होतात. बसवण्याआधी तिचं बटण दाबायची सवय ठेवा. पॉवर बँक बैठकीखाली सावलीत, पण चार्ज करताना काढून घरातल्या थंड कोपऱ्यात न्या, शक्यतो रात्री. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या ओसरीत दुपारी तेवढं सहज होतं.

एफएसआर उन्हाळ्यात वेगळा आकडा देतो, तर बसल्याची खूण मानायचा आकडा महिन्यातून एकदा तपासा. गाणं अडखळत असेल तर डीएफप्लेयरच्या वीज-तारांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

माणूस उठताना आणि बसताना खुर्ची हलता कामा नये. त्यासाठी सेन्सर नको: सुताराकडून दोन पाचरी करून घ्या, दोरीने हाताच्या पट्टीला बांधून ठेवा, उठवण्याआधी दोन्ही कमानींखाली पुढून सरकवा. घरात लहान मुलं असतील तर खुर्ची रिकामी असतानाही त्या तिथेच असू द्या. कमानीखाली बोट सापडायला एक झोका पुरतो.